नंदूची दाढी आणि नवी एसएसडी

लग्नाच्या व्हिडिओच्या धंद्यात फुटेजपेक्षा किस्सेच जास्त जमतात. फुटेज निदान डिलीट तरी करता येतं!

टेंभी नाक्याजवळ आमचा छोटा स्टुडिओ. मालक नंदू शूटिंग करतो, मी एडिटिंग करते. आमच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क इतकी मंद, की कॅमेऱ्याचं कार्ड कॉपीला लावलं की नंदू खालच्या सलूनमध्ये जाऊन दाढी करून यायचा. एकदा तर केस रंगवून आला, वर चहाही पिऊन आला. कॉपी अर्ध्यावरच होती.

मला मात्र तो वेळ सोयीचा पडायचा. तेवढ्यात मी सगळे शॉट बघून घ्यायची. झिंगलेले भावोजी, खुर्चीवरून भांडणाऱ्या मावश्या, सगळे तिथेच कापून टाकायची. ठाण्यातल्या कितीतरी घरांची अब्रू त्या रडक्या डिस्कमुळे शाबूत आहे.

*

मग खाडीकडच्या कोळीवाड्यातले जनार्दनदादा आले. मुलाचं लग्न होतं. हळदीचा व्हिडिओ दुसऱ्याच दिवशी मांडवात, पंगत बसायच्या आधी मोठ्या स्क्रीनवर लावायचा होता. कोळ्यांची हळद म्हणजे अख्खा पाडा नाचणार, फुटेजचा डोंगर होणार. नंदू लगेच हो म्हणाला. नाही म्हणायचं त्याला जमतच नाही मेल्याला.

निघताना दादा दारात थांबले. धाकटा भाऊ हरी शेजारच्याच दारात राहतो, पण दोन घरांच्या सामाईक ओट्याला कुठल्या टाइल्स लावायच्या यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. ‘तुझ्या मांडवात पाय ठेवणार नाही,’ असं हरीकाका साऱ्या पाड्यासमोर बोलून बसलेले. दादांनी स्वतः जाऊन बोलावलं, तरी त्यांनी दार उघडलं नव्हतं.

“सगळे दिसले पाहिजेत गं पोरी,” दादा म्हणाले. “तो नसेल. पण बाकी सगळे दिसू देत.” डोळे भरून आले होते त्यांचे. मलाच कसंतरी झालं.

*

आता डिस्क बदलणं भाग होतं. नंदूने मुलगी बघायला निघाल्यासारखी चौकशी सुरू केली. रिक्षावाल्याला विचारलं, इस्त्रीवाल्याला विचारलं. नौपाड्यात दाताच्या डॉक्टरकडे गेला, तर तिथेही आ वासून तेच. डॉक्टरांनी अर्धा जबडा बधिर केला, तरी उरलेल्या अर्ध्याने याचे प्रश्न चालूच. शेवटी ते म्हणाले, “दुसरी बाजूपण बधिर करू का?”

मी लॅपटॉप उघडून बघितला. आत पट्टीसारखी एसएसडी, म्हणजे नव्या जातीची फास्ट डिस्क, बसायची जागा होती. अशा पट्टीत दोन प्रकार येतात, त्यातली जास्त फास्ट आपल्याला चालते, तीच आण, असं नंदूला बजावून दुकानात पाठवलं.

दुकानदाराने च्युइंगगमएवढी पट्टी काउंटरवर ठेवली. नंदूने ती तळहातावर तोलली, उलटी करून पाहिली आणि विचारलं, “बाकीची कुठाय?”

*

पट्टी बसवली. पहिलं कार्ड कॉपीला लावून नंदू सवयीने दाढीला निघाला. जिना उतरायच्या आत मी वरून हाक मारली, झालं म्हणून. तो खालूनच रागाने म्हणाला, “मग आता दाढी कधी करायची?”

हळदीपर्यंत दाढी तशीच वाढलेली. दादांनी त्याला आधी विचारलं, कुणी गेलं का रे घरात?

*

आणि मग तो दिवस. हळद झाली, सकाळी कार्डं हातात आली. कॉपी क्षणात, व्हिडिओ तयार व्हायलाही वेळ लागला नाही. आम्ही दोघं नुसते हवेत. गाण्यावर शॉट जोडले आणि धावत मांडव गाठला. कॉपी होताना सगळं बघून घ्यायची माझी जुनी सवय, ती या घाईत पार राहूनच गेली.

स्क्रीन लागली. बायका आपापली साडी शोधायला लागल्या, पोरं शिट्ट्या मारायला लागली. दादा पुढच्या खुर्चीत बसले होते, हसत होते. आणि गाण्याच्या ऐन भरात, स्पीकरच्या भिंतीमागे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस एकटाच नाचताना दिसला. बेभान नाचत होता. गिरकी घेताना टॉवेल सुटला.

हरीकाका.

शिट्ट्या बंद झाल्या. मला वाटलं, आता भर लग्नात भांडण लागणार, आणि तेही माझ्यामुळे. नंदूने व्हिडिओ थांबवायला हात पुढे केला. दादांनी तो धरला. काका गाणं संपेपर्यंत नाचले आणि दादा ते संपेपर्यंत बघत राहिले.

मग त्यांनी डोळे पुसले, खिशातून फोन काढला आणि सगळ्यांसमोर लावला.

“हरी, मागून येऊन नाचलास ना? आता पुढून जेवाला ये. पंगत थांबवलीय.”