बगळा बोलला तेव्हा

रेवतीचा फोन आला तेव्हा मी सायकलला कुलूप लावत होतो. "शिरीष, अनिकेत गेला रे," एवढंच ती म्हणाली. अनिकेत माझा मित्र, डेल्फ्टला शिकायला आलो तेव्हापासूनचा. रेवती त्याची बायको. झूटरमेरच्या घरी सकाळचा चहा पिता पिता त्याचं हृदय थांबलं. मला रडू यायला हवं होतं. ते आलं, पण नंतर. आधी आला तो संताप... कारण गेल्या उन्हाळ्यात मी त्याला एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर न देताच हा गृहस्थ चालता झाला.

प्रश्नाच्या आधी बगळा सांगायला हवा. राजाच्या वाढदिवसाला इथे डच लोक घरातलं जुनंपानं सामान रस्त्यावर मांडून विकतात. आमच्या पहिल्याच वर्षी अशा एका आजोबांच्या चादरीवर अन्याला, म्हणजे अनिकेतला, एक जीर्ण चित्रकथा सापडली. महायुद्धात जर्मन फौजा या देशात ठाण मांडून होत्या, तेव्हा चोरून छापलेली. नायक राखाडी झग्यातला, नाव 'बगळा'. त्याची शक्ती एकच: पाण्यात निश्चल आणि गप्प उभा राहिला की तो आणि त्याच्या झग्याआड लपलेली माणसं कुणाला दिसत नाहीत. आणि अख्ख्या पुस्तकात एक शब्द नाही. आजोबांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, चित्रकारानं मुद्दामच अक्षर टाळलं. हस्ताक्षर ओळखलं गेलं असतं तर त्याला आसरा देणारेही पकडले गेले असते. आम्हाला तेव्हा डचचं ओ का ठो कळत नव्हतं. अन्या नाचायचाच बाकी होता. "शिऱ्या, या देशातलं पहिलं पुस्तक, जे आपण दोघं पूर्ण वाचू शकतो!"

पुढे मी बेस्ट नावाच्या गावातल्या एका कंपनीत चिकटलो, न्यूनेनला घर घेतलं. अन्यानं इंजिनिअरिंगला रामराम ठोकून पटकथा लिहायला घेतल्या. पण बगळा सुटला नाही. दर शनिवारी माझ्या गॅरेजात आम्ही त्याचा सिनेमा रचत होतो. मी चित्रं काढायचो, अन्या प्रसंग बांधायचा, आणि प्रत्येक प्रसंग एकानं प्रत्यक्ष उभं राहून करून दाखवायचा. त्यासाठी माझ्या राखाडी रेनकोटाची खालची कड अन्यानं कात्रीनं कातरून पिसं केली होती, मला न विचारता. नियम एकच: ज्याच्या अंगात कोट, त्यानं बोलायचं नाही. चहा हवा असला तरी नाही. माझी आई फोनवर म्हणाली होती, "अरे, बगळ्यावर कसला सिनेमा काढता? ढोंगी मेला!" त्यावर सगळ्यात जोरात अन्या हसला होता.

त्याच वर्षांत माझे बाबा सांगलीला आजारी पडले. माझं विमान दुसऱ्या दिवशीचं होतं, आणि बाबांकडे तेवढा वेळ नव्हता. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी फोन लावला, तिकडे बहिणीनं तो बाबांच्या कानाशी धरला. काय बोलावं सुचेना. शेवटी म्हणालो, "बाबा, मी इथंच आहे. तुम्ही निजा." धडधडीत खोटं. पण बहीण म्हणाली, त्यांनी डोळे मिटले आणि कपाळावरच्या आठ्या गेल्या. हे वाक्य मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. ते ऐकलं फक्त अन्यानं, कारण तो शेजारच्या सीटवर बसला होता. नंतर त्यानं मला घरी आणलं, खिचडी टाकली, कुकरच्या तीनऐवजी सात शिट्ट्या करून तिचा लगदा केला आणि मी तो खाईपर्यंत समोरून हलला नाही. असा मित्र होता तो. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

कित्येक वर्षं दारं ठोठावल्यावर एका डच निर्मात्यानं सिनेमा घेतला. अन्या लेखक, मी चित्रांपुरता. माझी तक्रार नव्हती. अन्या म्हणाला होता, "प्रोड्यूसर मागे लागलाय, हीरो दोन तास मुका कसा चालेल म्हणून. पण टेन्शन नको घेऊ, बगळा बोलणार नाही. शब्द देतो." पहिल्या खेळाला मी मुलीला, मीराला, घेऊन बसलो. शेवटच्या प्रसंगात जमिनीखाली लपलेली पोर भीतीनं ओरडणार, वर शिपाई, शेजारच्या कालव्यात अदृश्य उभा बगळा. आणि बगळ्यानं तोंड उघडलं. डचमध्ये म्हणाला, "मी इथंच आहे. तू नीज." बोलला म्हणून दिसला, दिसला म्हणून पकडला गेला, पोर वाचली. थिएटरभर लोक नाक पुसत होते. मीरा रडत होती. मी खुर्चीचे हात धरून बसलो होतो. प्रसंग उत्तम होता, हे कबूल केलंच पाहिजे. चोरानं माल योग्य जागी लावला होता.

बाहेर आल्यावर मी त्याला एवढंच विचारलं, "का, अन्या? दुसरं वाक्य नव्हतं जगात?" तो बुटांकडे पाहत राहिला. ज्यानं गप्प राहायचं त्याला बोलका केलं, आणि बोलायची वेळ आली तेव्हा स्वतः मुका झाला. त्यानंतर आमचा शनिवार झाला नाही.

इथल्या रिवाजाप्रमाणे दहनाआधी सभागृहात आठवणी, नंतर कॉफी आणि केक. सिनेमावाल्यांनी तोच प्रसंग पडद्यावर लावला. मग दिग्दर्शक उठले आणि म्हणाले, हे वाक्य अनिकेतचं स्वतःचं. भारतात वडील शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा तो फोनवर त्यांना हेच म्हणाला होता, असं त्यानंच दिग्दर्शकांना सांगितलं होतं. रेवतीनं मान हलवली. तिलाही त्यानं तेच सांगितलं असणार. अन्याचे वडील आम्ही इथे यायच्या आधीच गेले होते, पुण्याला, त्याच्या मांडीवर... तेव्हा रेवती त्याच्या आयुष्यात नव्हती. वाक्य नेलं ते नेलं, माझे बाबासुद्धा नेले. मी केक खाल्ला आणि ट्रेननं परत आलो.

हा लेख छापायला देण्याआधी मी झूटरमेरला जाऊन रेवतीला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला आत्ता तेवढंच धरायला होतं रे, शिरीष." मी म्हणालो, "मग नाही लिहीत." तर म्हणाली, "लिही. बाबा तुझे आहेत. पण त्याला अगदी वाईट ठरवू नकोस." चित्रकथेतला बगळा गप्प राहिला कारण त्याच्या एका अक्षरानं माणसं मेली असती. मी गप्प राहून कुणाला वाचवणार होतो? फार तर रेवतीला. आणि तिनंच मला मोकळं केलं.

तो रेनकोट अजून गॅरेजात खुंटीला आहे. कातरलेल्या कडेमुळे पावसात त्याचा काडीचा उपयोग नाही. मीरा डचमध्ये विचारते, "बाबा, हा या वर्षी राजाच्या वाढदिवसाच्या बाजारात विकायचा का?" मी नाही म्हणतो. शनिवारी तिकडे गेलो की अजून हात त्याच्याकडे जातो. परवा अंगात घातला आणि आमचा नियम मोडला. मोठ्यानं म्हणालो, "अन्या, मी इथंच आहे. पण तू निजू नकोस. आधी उत्तर दे."