अल क्वोजचे पाइप आणि परकारसाहेबांची सही

इक्बालभाई परकार यांची माझी पहिली भेट झाली ती नोकरीच्या मुलाखतीत. पुण्याहून नुकतीच दुबईला आलेली मी डिग्रीचा तोरा मिरवत बसले होते. साहेबांनी त्या डिग्रीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "अल कुसैसला राहता ना? मग सांगा, घरच्या नळाला पाणी कुठून येतं?" मी डिग्रीची फाइल मिटली. "शोधून काढा आणि रविवारी रुजू व्हा," म्हणाले.

आमची कंपनी पूर्वीच्या साम्यवादी देशांतल्या मोडकळीला आलेल्या पाणी, वीज, रस्ते अशा व्यवस्थांच्या दुरुस्तीला भांडवल पुरवत असे. मूळचे रत्नागिरीचे परकारसाहेब कंपनीचे मुख्य इंजिनिअर. कागदावरच्या गावावर त्यांचा विश्वास नसे. प्रत्यक्ष जाऊन, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात चहा घेतल्याशिवाय ते भांडवलाची शिफारस करत नसत. त्यांच्याबरोबर दिवसातला सातवा काळा चहा पिताना मी त्यांना मनातल्या मनात बोलही लावले आहेत.

रत्नागिरीकर म्हटला की लोक लगेच फणसाची उपमा देतात, म्हणून मी ती देत नाही. एवढंच सांगते, मी गरोदर असताना रमजान आला, दिवसा चारचौघांत खायची बंदी, तेव्हा हे रोजेदार गृहस्थ दुपारी माझा डबा स्वतः गरम करून मीटिंग रूममध्ये ठेवत आणि मी जेवून होईपर्यंत दाराबाहेर पहारा देत. वर दटावत, "भात टाकायचा नाही हां!"

मग २००८ची मंदी आली. क्रेन जागच्या जागी थांबल्या, ओळखीची कुटुंबं एकेक करून भारतात परतू लागली. त्याच सुमारास पूर्व युरोपातल्या एका गावात आमचं काम अर्ध्यावर होतं. तिथे अख्ख्या गावाची घरं एकाच बॉयलरच्या गरम पाण्याने उबदार राहत. गंजलेले जुने पाइप उखडून झाले होते, नवे यायचे होते, आणि हिवाळा तोंडावर होता. नव्या पाइपांना पैसा नाही म्हणत आमच्या डायरेक्टरांनी हात वर केले. "प्रोजेक्ट खलास, परकार."

शुक्रवारी नमाजानंतर साहेबांचा फोन आला. "मॅडम, यल्ला, चला, खाली या. अल क्वोजला जायचंय." दुबईच्या त्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका गोडाउनमध्ये बांधकाम बंद पडलेल्या एका टॉवरचे पाइप धूळ खात पडले होते. इमारतीच्या एसीचं थंड पाणी खेळवण्यासाठी आणलेले, जाड फोमचं अस्तर असलेले. टॉवरवाल्यांना जागा रिकामी करायची घाई होती, त्यामुळे ते पडत्या भावात द्यायला तयार होते.

"पण सर, हे तर थंड पाण्याचे!"

"अहो, आतली ऊब धरायची की थंडी, अस्तराला काय त्याचं? फक्त एवढा ताप सोसतं का, ते बघू."

तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये त्यांनी एका तुकड्यातून आठवडाभर कढत पाणी फिरवलं. अस्तर टिकलं. डायरेक्टरांचा प्रश्न एकच होता. "तिकडे फुटला तर?"

"फुटला तर माझा व्हिसा कॅन्सल करा. सही माझी."

त्या दिवसांत नोकरी जाणं म्हणजे देश सोडणं. साहेबांच्या दोन मुली इथल्या शाळेत शिकत होत्या. मी कागद पुढे केला आणि त्यांनी एका दमात सही केली.

पाइप जहाजाने गेले. तिथली पहिली थंडी पडली तेव्हा आम्ही सगळे फोनभोवती गोळा झालो होतो. पलीकडे गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. साहेबांनी ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि आमच्याकडे न बघता सांगितलं, "मुलांनी वर्गात कोट काढून ठेवले." मग ते पँट्रीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

साहेब, आज तुम्ही पंच्याहत्तरीत आहात, उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर निवांत फिरता. त्या वर्गातली मुलं आता मोठी झाली असतील. त्यांना तुमचं नाव माहीत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी दुआ मागायची त्यांची पाळीही आमच्यावर आली आहे. ती आम्ही मागतो. शंभरी ओलांडा, गुडघे सांभाळा, आणि आम्हांला असंच दटावत राहा.