कापडापलीकडचे पाय

रंगखान्यात त्याला सगळे दचक्या म्हणत, आणि ते नाव त्यानं स्वतःच्या मेहनतीनं कमावलं होतं. पाल चुकचुकली की हा दचके, भट्टीची वाफ सुटली की दचके, बायकोनं मागून हाक मारली तर हातातली बादलीच सोडून देई. आता बायकोचा आवाजही तसाच होता म्हणा. रंगाच्या फिरत्या पिंपाशेजारी इतकी वर्षं उभी राहून तिचे कान गेले होते, आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणजे कुणालाच येत नसणार, अशी तिची ठाम समजूत होती. ती नवऱ्याला गुपित सांगू लागली की कोपऱ्यावरचा न्हावी कात्री थांबवून ऐकत बसे.

रंगखाना थोरल्या भावाचा. दादा म्हणजे दचक्याच्या वाटणीचं धैर्यही घेऊन जन्मलेला माणूस. पुढे भट्टी, पिंप आणि माल ठेवायची शेड; मागे वाळवणाचं मैदान, थेट कालव्यापर्यंत. उंच दोऱ्यांवर कापडाची थानं दुहेरी टाकलेली असत आणि त्यांच्या भिंतीच भिंती उभ्या राहत. तिथे माणसाला तोंड नसे, फक्त पाय असत. कापडाखालून दिसणाऱ्या पायांवरून कोण आहे ते ओळखायचं आणि त्या पायांशी गप्पा मारायच्या.

थान ओलसर असतानाच सरळ करावं लागतं. एकानं अलीकडून काठ धरायचा, दुसऱ्यानं पलीकडून, आणि आळीपाळीनं ओढायचं. पिंपाच्या खडखडाटात कामाचा शब्द भलताच ऐकू जाई, म्हणून दादानं हिसक्यांची भाषा ठरवून दिली होती. एक हिसका म्हणजे थांब, धरून ठेव. दोन हिसके म्हणजे झालं, ये इकडे, घडी करू. मग तो पलीकडचा आपला काठ घेऊन वळसा घालून येई आणि समोरच्याच्या हातात काठाला काठ जुळवून देई. ही पद्धत या रंगखान्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. बाहेरच्यांना तिची गरजही नव्हती.

त्या थंडीत गावात नवीनच बोलणं सुरू झालं. एका टँकरवाल्यानं पुलाजवळ कुत्रा पाहिला, मागच्या दोन पायांवर चालणारा, माणसापेक्षा उंच. मग पोस्टमनला दिसला. मग कुणाच्या तरी मेहुण्यानं मोबाईलवर चित्रण केलं. त्यात धुकं फार छान आलं होतं, बाकी काही नाही. न्हाव्याकडे मात्र सगळं ज्ञान तयार होतं. त्याच्या आजोळी याला लांडगामाणूस म्हणत. तो रानातून येत नाही, असं तो वस्तऱ्याला धार लावत सांगे. तो कुणाच्या तरी घरचाच असतो. कामाला जातो, जेवतो, हसतो, आणि एक दिवस अंगातलं कातडं त्याला पुरेनासं होतं. दोन पायांवर चालतो, कारण चालायची सवय माणसाची. आणि अनोळखी जागी तो फिरकत नाही, जिथे त्याची ऊठबस तिथेच येतो.

झालं. दचक्याची झोप उडाली. तो प्रत्येक थानापाशी आधी वाकून पलीकडचे पाय बघू लागला. अख्ख्या रंगखान्याला आयतीच करमणूक मिळाली. कुणी कापडामागे चार पायांवर उभं राही, कुणी भुंकून दाखवी. शेवटी दादानंच दम भरला, की आता पुन्हा वाकलास तर उद्यापासून भट्टीवर कोळसा ओढायला घालीन. बायको गल्लीला ऐकू जाईल अशी हसली. दचक्यानं सगळ्यांसमोर कानाला हात लावला, आजपासून वाकणार नाही.

त्याच दुपारी धुकं उतरलं. कामगार लवकर गेले. शेवटचा राखाडी चादरींचा माल तेवढा दोऱ्यांवर होता. बायको कालव्याकडच्या टोकाला चादरींचे चिमटे काढत होती. दचक्या एका थानापाशी आला, काठ धरला, तर पलीकडून काठ ताणला गेला. दादा आला वाटतं, असं समजून हा ओढू लागला. पलीकडचाही ओढू लागला, अगदी बेतानं, जितकं हवं तितकंच. दचक्या रंगात आला. न्हाव्याची दोन गाऱ्हाणी सांगितली, भट्टीवाल्याची एक सांगितली, बायकोच्या स्वयंपाकाबद्दलही जपून काहीबाही बोलून घेतलं. पलीकडून उत्तर नाही. दादा कधीमधी घुम्मा होई, त्यातलं काही वाटलं नाही.

तेवढ्यात शेडमधलं पिंप थांबलं आणि मागून दादाचा आवाज आला.

"कुणाशी बोलतोयस रे?"

दादा शेडच्या दारात हात पुसत उभा होता.

दचक्याच्या हातातला काठ तसाच ताठ होता. त्यानं मान वळवली नाही, नुसते डोळे खाली नेले. कापडाखाली दोन पाय होते. केसाळ, ओले, बोटं चिखलात फाकलेली. टाचा जमिनीला टेकलेल्याच नव्हत्या, त्या वर, पार गुडघ्याच्या जवळ होत्या. आणि दचक्याच्या डोक्याच्याही वर, कापडावर एक ओला डाग उमटत होता, विरत होता, पुन्हा उमटत होता. पलीकडून कुणीतरी श्वास घेत होतं.

दादा हसतच पुढे आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पळायला मैदान मोकळं होतं. पण बायको तिकडे टोकाला होती, तिच्याकडे पाठ करून पळायचं म्हणजे ते तिच्या वाटेवर सोडून द्यायचं, आणि तिला हाक मारून काही उपयोग नव्हता. दचक्यानं डोळ्यांनीच दादाला तिकडची खूण केली. दादा दोऱ्यांच्या कडेकडेनं, पाऊल न वाजवता निघाला.

तेवढ्यात पलीकडून दोन हिसके आले. ये इकडे.

दचक्याचा हात आपोआप हलला आणि त्यानं एक हिसका दिला. थांब.

ते थांबलं.

दादानं टोकाला जाऊन तिचा दंड धरला. कुणी न सांगता दंड धरला की बाई बोलणारच. "अहो भाऊजी, सोडा की, अजून अख्खी रांग काढायचीय," हे तिचं बोलणं धुक्यातून खणखणीत आलं. कापडाखालचे पाय वळले. बोटं तिच्या आवाजाच्या दिशेला झाली, एक पाय उचलला गेला.

आणि पालीला भिणाऱ्या त्या माणसानं दोन हिसके दिले. स्पष्ट, एकामागून एक.

पाऊल जागच्या जागी थबकलं. मग पाय परत वळले आणि कापडाच्या कडेनं त्याच्याकडे येऊ लागले. सावकाश, रीतसर वळसा घालून. दचक्यानं डोळे गच्च मिटले. ओल्या केसांचा वास नाकात शिरला. हातावर काहीतरी राठ घासलं, आणि तळव्यात काठ आला. काठाला काठ जुळवून, कोपरा आत दुमडून. दादानं शिकवलं होतं, अगदी तसंच.

डोळे उघडले तेव्हा समोर धुकं होतं. शेडच्या दाराशी दादा आणि बायको एकमेकांना धरून उभे होते.

दादा त्या दिवसापासून थट्टा विसरला. काय पाहिलं ते विचारलं की उठून जाई. रात्री अंथरुणावर दचक्यानं बायकोच्या कानाशी तोंड नेऊन तेच विचारलं. ती आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "ओळखीचा होता."

कोण, हे त्यानं विचारलं नाही. ती सांगेल ते नाव घेऊन उद्या त्याच माणसासमोर काठ धरायला उभं राहायचं होतं.

सकाळी झाडून सगळे कामाला आले. बायको काल घरी जाताना वाटभर बोलत गेली होती, तेव्हा न्हाव्याकडून बातमी लागलेलीच होती. काय दचक्या, काल म्हणे पाहुणे आले होते, असं म्हणून सगळे हसले. त्यातला एक जण ठाऊक असून हसत होता. तो कोण, ते कळू नये म्हणून दचक्यानं नजर कापडावरून हलवली नाही, आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला.