चाळीस मिनिटांत तयार झालेले शिक्षक

शालनताई गेल्याची बातमी मला त्यांच्या कॉलेजच्या ईमेलनं कळली. पहिल्याच ओळीत त्यांच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. वीस वर्षं ज्या कॉलेजात त्यांनी शिकवलं, त्या कॉलेजला त्यांचं नाव धड लिहिता आलं नाही. खाली डीनबाईंची सही, सहीखाली ‘समावेशकता’ हा त्यांचा लाडका शब्द, आणि त्याच्याही खाली पार्किंगच्या नव्या नियमांची सूचना. याला आता सहा आठवडे झाले. राग ओसरला की लिहू असं म्हणत होते... तो काही ओसरला नाही.

शालनताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानात मी फोनवर मराठीत बोलत मेथी निवडत होते, तर शेजारून आवाज आला, “ती नको घेऊस. कालची आहे.” दुकानदार समोर उभा होता, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. तिथून ओळख झाली. त्यांचं काम वेगळंच होतं. अमेरिकेतल्या आदिवासींच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, सरकारनं राखून दिलेल्या जमिनींवरच्या (रिझर्वेशनवरच्या) शाळांत शिकवायला निघालेल्या तरुण शिक्षकांना त्या तयार करायच्या. आपल्या इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना याचं कुठलं कौतुक असणार! गणपतीच्या जेवणात आयटीतल्या एका काकांनी श्रीखंडाची वाटी हातात धरून विचारलं होतं, “रेड इंडियन? अजून आहेत ते?” ताई म्हणाल्या, “आहेत. तुम्ही घर बांधलंत ती जमीन त्यांचीच. ब्रोकर बोलला नाही वाटतं?” काका हसले. त्यांना तो विनोद वाटला.

ताईंची जीभ तिखट होती, पण ती सगळ्यात आधी स्वतःवर चालायची. लग्नाआधी त्या नंदुरबारकडे धडगावजवळच्या एका आश्रमशाळेत शिकवत. पुण्याचं बी.एड., शुद्ध मराठी आणि हातात छडी. पहिलीतल्या एका मुलीला त्यांनी ‘खिडकी दाखव’ म्हणून तीनदा सांगितलं. ती गप्प. चौथ्यांदा छडी बसली. पुढे कधीतरी तिच्या घरी गेल्या, तेव्हा पाहिलं की कुडाच्या त्या झोपडीला खिडकीच नव्हती. घरात सगळे पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलत होते आणि बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. “मी माठ होते, अनघा,” त्या मला सांगायच्या. “डिग्रीवाली माठ. आणि ती पोर मला पाणी देत होती.” मग त्या तिच्याकडूनच पावरी शिकल्या.

तीच पावरी त्यांनी शिकागोत वापरली. नव्या वर्गाच्या पहिल्या दिवशी तासभर त्या फक्त पावरीत बोलत, फळ्यावर प्रश्न लिहीत, पेपर घेत आणि सगळ्यांना शून्य देत. एकदा मी मागच्या बाकावर बसून पाहिलं होतं. मेगन नावाची एक मुलगी लाल होऊन उठली. “धिस इज नॉट फेअर!”

“करेक्ट,” ताई इंग्रजीत म्हणाल्या. “एका तासात तू रडकुंडीला आलीस. तू जिथं जाणार आहेस, तिथल्या आज्यांना लहानपणी घरातून उचलून शाळेत नेलं होतं. केस कापले, आपली भाषा बोलल्या म्हणून मारलं. आता त्यांच्या नातवंडांसमोर तू उभी राहणार. तुझ्याकडे बघून ती गप्प बसली, तर ती मंद आहेत असं लिहिशील का?”

मेगन खाली बसली. पुढचे सहा आठवडे साऊथ डकोटातल्या रिझर्वेशनवर एका कुटुंबात राहायचं, आणि तिथं शिकवायचं नाही. भांडी घासायची, लाकडं फोडायची, म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं. शेवटी त्या घरातली आजी ‘ही चालेल’ म्हणाली, तरच ताई पास करत. आजी नाही म्हणाली, तर कॉलेजच्या मार्कांना ताई विचारत नसत.

अर्थात, हे टिकणार नव्हतं. डीनबाईंना ‘स्केल’ हवं होतं. सहा आठवडे कशाला, ऑनलाइन करू, देशभर विकू! ज्या कंपनीला हे काम मिळालं, तिथं मी नोकरीला होते. ताईंचा सहा आठवड्यांचा अख्खा कोर्स मी स्क्रीनवरच्या चाळीस मिनिटांत बसवला. हो, मीच. सुंदर चित्रं घातली, मावळता सूर्य, पिसं, मागे बासरीची धून. ‘मूल तुमच्या डोळ्यांत बघत नाही, याचं कारण काय?’ खाली चार पर्याय, बरोबर उत्तराला हिरवी खूण. नोकरी होती, व्हिसा होता, असं मी स्वतःला सांगत होते. हे सगळे सांगतात.

कॉन्फरन्स रूममध्ये डेमो झाला. डीनबाई म्हणाल्या, “शालन, यू ट्राय!” ताईंनी डोळे मिटले. खरोखर मिटले. बोटानं नेक्स्ट, नेक्स्ट, नेक्स्ट करत गेल्या. चुकलं की मशीनच पुन्हा विचारायचं, त्या पुन्हा दाबायच्या. शेवटी टाळ्यांचा आवाज आला, स्क्रीनवर सर्टिफिकेट आलं. त्यांनी डोळे उघडले.

“झाले मी तयार,” त्या मला मराठीत म्हणाल्या. “कुठल्या पोरांवर सोडतेस मला?”

डीनबाईंनी हसून विचारलं, “व्हॉट डिड शी से?” मी म्हणाले, “शी लव्ह्ज इट.”

त्याच महिन्यात ताईंनी नोकरी सोडली. पुढे गुडघे बिघडेपर्यंत दर उन्हाळ्यात ऐकतील तेवढे दोन-तीन शिक्षक गाडीत घालून त्या स्वतःच साऊथ डकोटाला जात राहिल्या. माझ्याशी बोलणं तोडलं नाही. मेथीबद्दल बोलायच्या, मुलांबद्दल बोलायच्या. कोर्सबद्दल कधीच नाही.

मंडळानं शोकसभा घेतली. ‘मागासलेल्यांची सेवा’, ‘दोन संस्कृतींमधला पूल’, मग समोसे. डीनबाईंनी व्हिडिओ पाठवला होता. त्यात मागे मी कोर्सला लावलेलीच बासरी वाजत होती. शेवटच्या रांगेत मेगन बसली होती. ती अजून साऊथ डकोटातच शिकवते, दिवसभर गाडी चालवून आली होती. कुणी तिला बोलायला बोलावलं नाही. मीच जवळ गेले. ती म्हणाली, “तिथल्या आजी रेडिओवर ऐकून स्वयंपाकाला लागल्या. चार दिवस लोक येऊन जेवत होते.” एवढंच बोलून ती परतीच्या रस्त्याला लागली.

गेल्या रविवारी ताईंची मुलगी ईशा ॲशबर्नहून आली. घर आवरताना तिनं माझ्या हातात एक निळी वही दिली. “आय कान्ट रीड इट, मावशी. इट्स ऑल मराठी.” तिच्या आईनं शेकडो मैलांवरच्या पोरांच्या भाषेसाठी जन्म घालवला होता. ईशाला हे ठाऊक होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

वहीत शिक्षकांची नावं होती आणि प्रत्येकापुढे एकदोन शब्द. ‘बडबड्या.’ ‘दया दाखवते, घातक.’ ‘ऐकत नाही.’ कित्येकांच्या नावांपुढे नंतर वेगळ्या शाईनं ते खोडून ‘आता ऐकतो’, ‘सुधारली’ असं लिहिलेलं होतं. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, तरी एका पानावर माझं नाव सापडलं. ‘अनघा. सगळं कळतं.’

पुढे, ‘सुधारली’ लिहायच्या जागी, दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या.