काकांचा स्वतःचा आवाज

कॅसेटची चाकं फिरतात आणि गेलेला माणूस बोलू लागतो, याची मला अजून सवय झालेली नाही. माधवकाका आयुष्यभर रेडिओ-टीव्हीवर छोट्या भूमिका करत राहिले. ते गेल्यावर मी त्यांच्या कॅसेटींची यादी करत होते: हवालदार, वैद्य, खाष्ट सासरा.

“ही सोंगं पुरे गं,” शेजारी बसलेल्या काकू म्हणाल्या. “यांचा स्वतःचा आवाज शोध. एकदा ऐकायचाय.”

एका कॅसेटवर नाटकाआधीची माइकची चाचणी पुसायची राहिली होती. काका साध्या, जरा भित्र्या आवाजात आपलं नाव सांगत होते. इतक्या भूमिकांखाली हा आवाज कुठे राहत असेल?

मी हसून वळले. काकूंनी पदर घट्ट लपेटून घेतला होता.

“बंद कर. हा माणूस आमच्या घरात कधीच बोललेला नाही.”