वाचून समजावून सांगितले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बाप कंपनीत हेल्पर, पगार घेताना अंगठा उठवायचा. मी सही करायचो आणि पुढं ठळक ‘बी.ए.’ लिहायचो. गरज नसायची, तरी लिहायचो.

सत्तरच्या दशकात चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुकानात मी कारकून होतो. शिलाई मशीन, पंखे, रेडिओ — सगळं हप्त्यांवर. कंपन्यांचा पगार झाला की कामगार बायकोला घेऊन यायचे. कराराचा छापील कागद इंग्रजीत, चार पानी. शेवटी एकच ओळ मराठीत — वरील मजकूर वाचून समजावून सांगितला. तिच्याखाली माझी सही.

वाचत कोण होतं? दुकानाची रीतच होती, आधी अंगठा, मग पेढा. शेठ म्हणायचे, “वाचत बसलास तर गिऱ्हाईक थेरगावला पोचंल, राव!” सगळे हसायचे. मीही.

आमच्या चाळीतली सखूमावशी मशीन घ्यायला आली. मी कागद पुढं केला, तर म्हणाली, “तू हाईस न्हवं हितं? मग मला काय दावतोस?” अंगठा दिला. पेढा अर्धा खाल्ला, अर्धा नवऱ्यासाठी पदरात बांधला.

पुढं कंपनीत नवऱ्याची बोटं प्रेस मशीनखाली गेली, पाठोपाठ नोकरीही. घर मावशीच्या शिवणावर आलं. दोन हप्ते चुकले — आणि दुकानानं मशीन उचलून आणलं. आधी भरलेलं सगळं बुडालं. करारात तसंच होतं: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मशीन भाड्याचं, हप्ता चुकला की दुकानाचं. मावशीला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं.

एका वकिलांनी तिचा दावा फुकट चालवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. वाचता न येणाऱ्या बाईला अटी सांगितल्याच नसतील, तर कोर्ट त्या तिच्यावर लादणार नाही. मशीन परत मिळेल. सगळं एका साक्षीवर येऊन थांबलं. माझ्या.

शेठनं दम दिला? नाही. “आठवतंय ते सांग,” एवढंच म्हणाले. नोकरीची भीती? दुसरी मिळाली असती, तेव्हा मिळत होत्या. मग?

‘वाचला नाही’ म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता — का नाही? आणि खरं उत्तर दुकानाची रीत हे नव्हतंच. तो कागद मला कळत नव्हता. नोकरी लागली तेव्हा एकदा घरी नेऊन वाचायला बसलो होतो. दुसऱ्याच परिच्छेदात अडकलो. कायद्याचं इंग्रजी, वाक्य सुरू कुठं होतं आणि संपतं कुठं तेच लागेना. कुणाला विचारलं नाही. बी.ए. झालेल्या माणसानं विचारायचं कसं? त्यानंतर मी न कळलेल्या कागदांवर सह्या करत राहिलो — शेकड्यांनी.

पिंजऱ्यात उभं राहून, शपथेवर, मी म्हणालो, “हो, वाचून दाखवला. शब्दन् शब्द.” वकिलांनी कागद माझ्यापुढं केला नाही. माझ्या पदवीवर बहुधा त्यांचाही विश्वास होता.

दावा गेला.

बाहेर आवारात मावशी माझ्याकडं आली. शिव्या देईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “तू म्हंतोस तर वाचलंच असशील, बाबा. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई बग.”

“होतं असं कधी कधी, मावशी,” मी म्हणालो.

ती पुढं परक्यांच्या घरची धुणीभांडी करायला लागली. कुणी मशीनचं विचारलं की सांगायची, पोरानं समदं वाचून दावलं व्हतं, मीच इसरले. मरेपर्यंत हेच सांगत होती. कितीदा तरी माझ्यादेखत.