स्वस्त गाडीचे दार

कारखान्यात किस्से कसे साचतात, हे तिथे जाण्यापूर्वी मला ठाऊक नव्हते. ते कोणी मुद्दाम जमवत नाही. यंत्र बंद पडते, चहा येतो, कोणीतरी "परवाचं ऐकलंत का?" म्हणतो, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत एक किस्सा तयार झालेला असतो. आमच्याकडे यंत्रे पुढेपुढे फारच वेळ बंद राहू लागली; त्यामुळे किस्सेही फार झाले.

हे सारे मी कोणाकडून आणि केव्हा ऐकले, ते आधी स्पष्ट करतो. पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षी, जानेवारी ते जून, मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात प्रकल्पासाठी जात असे. तिथे एका अतिशय स्वस्त, अतिशय साध्या छोट्या मोटारीची दारे तयार होत. मी शनिवार पेठेतून कंपनीच्या बसमध्ये बसे. खडकीला सुनील वाघमारे चढत आणि माझ्या शेजारी बसत. दारांच्या लाइनवर ते गुणवत्ता तपासनीस होते, वयाने माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे. बहुतेक किस्से त्यांनी बसमध्ये सांगितलेले आहेत. जे मी स्वतः पाहिले, ते तसे नमूद करीन.

आणखी एक गोष्ट. वाघमारे कंत्राटावर होते. गाडी खपली तर लाइन चालणार होती, आणि लाइन चालली तर ते कायम होणार होते. बसमध्ये आम्ही कितीही हसलो, तरी दोघांच्याही मनात मागे हेच असे.

* * *

सोमवारची बैठक मी स्वतः पाहिली आहे. डिझाइन विभागाचे प्रमुख परांजपे साहेब फलकावर एकच प्रश्न लिहीत : "काय काढता येईल?" प्रत्येकाने दारातली एक तरी वस्तू सुचवायची, आणि तिच्यावाचून गाडी कशी चालेल हे सिद्ध करायचे. डाव्या बाजूचा आरसा असाच गेला. दाराच्या आतला कप्पा गेला. मग कप्पा नाही तर त्याचे दोन स्क्रू कशाला, म्हणून तेही गेले.

एका सोमवारी एक इंजिनिअर काहीच न सुचवता आला. "सर, या आठवड्यात काही सापडलं नाही."

परांजपे साहेबांनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिले. "मग तुम्हालाच काढू या का? वजनही बरंच वाचेल!"

सगळे हसले. दारांचे नमुने घेऊन आलेले वाघमारे माझ्या कानात म्हणाले, "हे लोक हसतात, कारण ते पर्मनंट आहेत."

परांजपे साहेबांविषयी गैरसमज नको. ते कंजूष नव्हते. त्यांची त्या गाडीवर श्रद्धा होती. एकदा वाघमारेंसमोर मी त्यांना विचारले, की इतके सारे काढून टाकल्यावर गाडीत उरते काय? त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चार भिंती. नवऱ्याशी भांडायला, आजारी माणसाला आडवं करायला, बाळाला पाजायला. स्कूटरवर यातलं काहीही करता येत नाही. ज्याच्याकडे फक्त स्कूटर आहे, त्याला विचारा."

वाघमारेंकडे फक्त स्कूटर होती. त्यांनी मान डोलावली.

* * *

त्या दाराची चाचणी घेणारे एक यंत्र होते. एक लोखंडी हात दिवसरात्र दार उघडत आणि आपटत राही. बिजागरी सैल होते का, पत्र्याला तडा जातो का, सारे काटेकोर तपासले जाई. दार एकदाही नापास झाले नाही. परांजपे साहेबांनी पेढे वाटले.

यंत्राच्या आदळआपटीचा शेजारच्या ऑफिसला त्रास होई. म्हणून ते फार पूर्वीच, जाड भिंतींच्या एका बंद खोलीत ठेवलेले होते. आतले सारे आकडे तारेवरून बाहेर येत. आवाज तेवढा येत नसे.

याच काळात, दाराच्या पत्र्याला आतून चिकटवायची डांबरी चादर काढण्यात आली होती. ती मजबुतीसाठी नसतेच. तिचे काम फक्त दाराचा आवाज जड करण्याचे. आकड्यांमध्ये तिच्या जाण्याने काहीच फरक पडला नाही. दारे गाडीला बसत ती दुसऱ्याच कारखान्यात; त्यामुळे पहिल्या गाड्या शोरूममध्ये पोहोचल्या, तोवर ते दार लावल्यावर कसे वाजते, हे आमच्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते!

* * *

तो आवाज मी प्रथम ऐकला कर्वे रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये. ग्राहकांची मते टिपण्यासाठी मला तिथे बसवले होते, वाघमारे सोबत होते. एक जोडपे आले. स्कूटर बाहेर लावलेली, मुलगी मधे बसून आलेली. त्यांना गाडी आवडली. नुसती आवडली नाही. मुलगी मागच्या सीटवर आडवी झाली आणि उतरायलाच तयार होईना. वाघमारेंनी माझा हात दाबला.

नवऱ्याने दार लावले. टण्ण! पत्र्याच्या डब्याचे झाकण पडावे, तसे.

बायकोने आजूबाजूला पाहिले. "अहो, सगळ्या सोसायटीला कळेल."

"काय कळेल?"

"कोणती घेतली, ते."

त्याने पुन्हा एकदा दार लावून पाहिले, या वेळी हलक्या हाताने. टण्ण. मुलीला उतरवण्यात आले. त्यांनी शेजारची मोठी गाडी कर्जावर घेतली. तेव्हा बँका आपणहून फोन करून कर्ज देत.

विक्रेता आमच्याजवळ येऊन म्हणाला, "साहेब, तुमच्या गाडीमुळे आमचा खप खूप वाढलाय हो."

"खरं?" वाघमारे उठूनच उभे राहिले.

"लोक ही बघायला येतात. आणि दुसरी घेऊन जातात!"

* * *

परांजपे साहेबांनी डांबरी चादर परत बसवण्याचा प्रस्ताव मांडला. पुढचा संवाद मी ऐकलेला नाही. वाघमारे त्या वेळी चादर असलेले आणि नसलेले अशी दोन दारे दाखवायला आत उभे होते. खरेदी विभागाच्या प्रमुखांनी दोन्ही दारे वाजवून पाहिली आणि फरक मान्य केला.

"परांजपे, आपली सोमवारची बैठक कशाची असते?"

"काय काढता येईल, याची."

"मग घालण्याची बैठक कोणत्या वारी असते?"

तशी बैठक नव्हतीच. त्या कारखान्यात एखादी वस्तू काढायला एक सही पुरे. घालण्याची रीतच कोणी आखलेली नव्हती. दारे टण्ण वाजतच बाहेर पडत राहिली, आणि मार्चपासून लाइन आठवड्यातून काही दिवस बंद राहू लागली.

* * *

खप वाढावा म्हणून कर्मचाऱ्यांना ती गाडी सवलतीत देण्याचे ठरले. डिझाइन विभागात सगळ्यांनी योजनेचे स्वागत केले. घेण्याची वेळ आली तेव्हा एकाकडे पार्किंग नव्हते, एकाच्या बायकोला पांढऱ्या रंगाची अॅलर्जी होती, आणि एकाचा कुत्रा मोठा होता.

"मागच्या सीटवर बसेल की," वाघमारे म्हणाले.

"बसेल हो. पण तो डॉबरमन आहे. त्याला नाही आवडायचं."

गाडी घेतली ती एकट्या वाघमारेंनी. मी विचारले, "तुमची नोकरी कायम नाही, मग आत्ताच कशाला?"

"अहो, मीच नाही घेतली तर लोकांनी का घ्यावी?" ते म्हणाले. हे त्यांनी विनोदाने म्हटले नव्हते.

* * *

त्यांच्या पत्नी मनीषाताई हिंजवडीला एका आयटी कंपनीत होत्या. पहिल्या दिवशी त्या मोठ्या हौसेने गाडी घेऊन गेल्या. फाटकावरच्या रखवालदाराने नम्रपणे हात दाखवला. "मॅडम, सप्लायरच्या गाड्या मागच्या बाजूला."

त्यांनी ओळखपत्र दाखवले. त्याने ते नीट वाचले, सॅल्यूट केला, आणि गाडीकडे पुन्हा एकदा पाहिले. "मग ही कोणाची?"

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा बसने जाऊ लागल्या. वाघमारेंनी हा किस्सा रखवालदाराच्या आवाजासकट, फार रंगवून सांगितला. मी हसलो. मग पाहिले, तर ते भोसरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते.

* * *

सगळ्यात कठोर परीक्षक घरात होते. वाघमारेंचे वडील, आबा, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर सायकल, मोटारीच्या स्टीअरिंगला हात लावताना त्यांना कोणी पाहिलेले नव्हते. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली.

"हिच्यात बसून जायचं, की हिला काखेत घेऊन?"

"आबा, तुमच्या मुलाच्या हातची दारं आहेत ती."

"म्हणून तर कमी बोललो."

बुद्धजयंतीला सगळे घर नव्या गाडीने विहारात जाणार होते. आबा सायकलने निघाले. गाडीला सिग्नल लागले, गर्दी लागली. विहाराच्या फाटकाशी आबा पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात उभे होते. घड्याळ बघून म्हणाले, "मोटार घेतली, आता वेळेवर येत चला."

* * *

जूनच्या पहिल्या आठवड्यात लाइन कायमची बंद झाल्याची सूचना लागली. कंत्राटावरच्या सगळ्यांना त्याच दिवशी निरोप मिळाला. वाघमारे आपली मोजमापाची हत्यारे परत करायला डिझाइन विभागात गेले. सोमवार होता. खोलीत परांजपे साहेब एकटेच बसले होते; फलकावर काही लिहिलेले नव्हते.

"बसा वाघमारे. चहा घ्या."

"नको साहेब, बस सुटेल."

"दार चांगलं होतं हो," परांजपे साहेब म्हणाले. "बंद होत होतं, उघडत होतं. दाराने आणखी काय करायचं?"

वाघमारे मग उभ्यानेच चहा प्यायले. बस खरोखरच सुटली होती.

* * *

शेवटचा किस्सा वाघमारेंनी मला जूनअखेर सांगितला, खडकी स्टेशनसमोरच्या हॉटेलात. तोवर त्यांना दुसरे काम मिळालेले नव्हते आणि गाडी विकायला काढली होती. बघायला कोणी येत नव्हते. एका रविवारी आळंदीच्या बाजूचे एक दूधवाले आले. त्यांनी बॉनेट उघडले, आत वाकून पाहिले आणि खूश होऊन हसले.

"बिघडंल असं काय ठेवलंच न्हाय हिच्यात! अशीच पायजे व्हती मला. म्हातारीला दवाखान्यात न्यायला. चालवून दावता का?"

वाघमारे किल्ली आणायला वर गेले. खिळ्यावर किल्ली नव्हती. ती शोधून, न सापडून, ते खाली आले, तेव्हा गाडीत दूधवाले बसलेले होते. आणि त्यांच्या शेजारी, स्टीअरिंगमागे, सीट पुढे ओढून आबा बसलेले होते.

"आबा!" वाघमारे ओरडले. "उतरा खाली!"

आबांनी गाडी सुरू केली. विजेचा खांब आणि शेजाऱ्यांची स्कूटर यांच्या मधून मागे घेतली. त्या जागेतून गाडी काढताना वाघमारेंना स्वतःला दरवेळी दोनदा थांबावे लागे. आबा थांबले नाहीत. कोपऱ्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून, जुन्या लष्करी ट्रकचे ड्रायव्हर दाखवत तसा इशारा दिला, आणि वळले.

बऱ्याच वेळाने गाडी परत आली. दूधवाले उतरले ते ठरवूनच. "घेतली! आन् एक इचारतो, असलीच आनखी एक मिळंल का? नवी? भावालाबी पायजे."



आबा सावकाश खाली उतरले. "आता बनत नाहीत," ते म्हणाले. "बनवणारा हा उभा आहे, बघून घ्या." त्यांनी किल्ली दूधवाल्यांच्या हातात दिली. "क्लच जरा उशिरा पकडतो. बाकी गाडी चांगली आहे."

आणि ते जिना चढून वर गेले.

आबा गाडी केव्हा शिकले, असे वाघमारेंनी आईला विचारले. आई भाजी निवडत होत्या. "तुम्ही दोघं सकाळी बसने जायचात," त्या म्हणाल्या. "दुपार फार मोठी असते रे."

पुढच्याच आठवड्यात आबा नागपूरला थोरल्या मुलीकडे निघून गेले. मला त्यांना भेटता आले नाही. दूधवाले, आईंचे बोलणे आणि गाडीची विक्री, यांविषयी वाघमारेंच्या म्हणण्याला मनीषाताईंनीही दुजोरा दिला. आबांना गाडी कोणी शिकवली, आणि त्या साऱ्या दुपारी ते ती घेऊन कुठे जात, याची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही.